जेट्टीखालची फेरी

बाबांनी निळ्या पाण्याची नळी तुळईच्या पोटाला टेकवली आणि मीटरकडे न बघताच म्हणाले,

"दोनशे नव्वद. फार तर दोन-चार इकडे तिकडे."

मीटर तिच्या गळ्यात पट्ट्याने लोंबत होता. त्यावरचे आकडे थोडा वेळ उड्या मारत राहिले आणि मग दमून एका जागी बसले.

"ब्याण्णव," ती म्हणाली.

"बघ."

एवढंच. पण पुढच्या खुणेकडे वळताना त्यांच्या कानांच्या पाळ्या हलल्या. हसू दाबलं की त्यांचे कान हलायचे. हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं आणि घरात कुणी सांगितलंही नव्हतं. एवढी एकच खिडकी उघडी होती, ती कोण बंद करून घेणार?

डोक्यावर जेट्टी होती. बोटीतून उतरणाऱ्यांची पावलं, सामानाच्या पेट्यांची चाकं, कुणाच्या तरी लहान मुलाची धावपळ, सगळं त्यांच्या डोक्यावरून जात होतं. खाली ओहोटी लागलेली. खांबांच्या पायाशी शिंपल्यांचे थर उघडे पडले होते आणि शेवाळाचा तो कुबट, खारट वास येत होता, जो घरी जाऊन दोनदा केस धुतले तरी उशीला लागायचा. ती दोघं लोखंडी जाळीच्या अरुंद पायवाटेवर उभी होती. बाबा पाण्याच्या बाटलीने काँक्रीट भिजवत, थांबत, नळी टेकवत. ती आकडा सांगे आणि लिहून घेई.

काम म्हटलं तर इतकंच. एके ठिकाणी काँक्रीट खरवडून आतली सळई उघडी केलेली होती. तिला चिमटा लावायचा, चिमट्याची वायर मीटरला. मीटरची दुसरी वायर नळीला, नळीत मोरचुदाचं पाणी. मग नळी जिथे टेकवाल तिथली आतली सळई कशी आहे, गंज धरते आहे की अजून शाबूत आहे, हे आकड्यावरून ताडायचं. आकडा जितका मोठा तितकी काळजी. खरं तर प्रत्येक आकड्याआधी उणे असायचं, पण बाबा ते कधी उच्चारत नसत. ते धरूनच चालायचं, म्हणत.

त्या दिवशी सुरुवातीलाच त्यांनी मीटरच्या वायरी उलट्या खोचल्या होत्या. आकड्याआधीचं उणे दिसेना, तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. ते बाटली भरायला वाकले तेवढ्यात तिने वायरी काढून नीट लावल्या.

"उलट्या लागल्या होत्या ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो."

"मग बोलायचं की, पंडितबाई. नोकरी कसली करतेस? दिवसभर लोकांच्या चुका काढायची. आणि बापाची चूक दिसली की मुकी."

"लावल्या ना नीट."

"लावल्यास खऱ्या," ते म्हणाले, आणि बाटलीचं झाकण फिरवत बसले.

ती मुद्रितशोधक होती. पुस्तकं छापून येण्याआधी वाचायची, ऱ्हस्वदीर्घ बघायची. आकड्यांचा तिला शाळेपासून तिटकारा. पुस्तकातले पृष्ठक्रमांक तपासायची वेळ आली तरी तिला जांभया येत. आणि तरी गेली कित्येक वर्षं, दर ऋतूला एकदा, ओहोटीची वेळ बघून ती बाबांबरोबर या जेट्टीखाली उतरत होती.

याची सुरुवात ती संसार मोडून घरी परतली तेव्हाची. पुस्तकांची खोकी घेऊन आली आणि आपल्या जुन्या खोलीत शिरली ती शिरलीच. आई दाराशी येऊन बोलायची, रडायची, रागवायची. बाबा दारावरून नुसते जायचे. एका संध्याकाळी मात्र त्यांनी दार वाजवलं आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "उद्या रिकामी आहेस का? वायर धरायला कुणीतरी लागतं."

ती गेली. चिमटा एकदा सळईला चावला की वायर कुणी धरावी लागत नाही, हे पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. तरी ती शेवटपर्यंत वायर धरून उभी राहिली. मधल्या सुट्टीत थर्मासमधला चहा पिताना काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं,

"आत काय चाललंय ते बाहेरून कसं कळतं?"

बाबा बोलायला लागले. तिने जन्मात त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. चहा गार झाला. काँक्रीट नवं असतं तेव्हा सळईला कसं जपतं, खारं पाणी त्यात केसाकेसाने कसं शिरतं. जो भाग कायम पाण्याखाली आहे तो पुष्कळ टिकतो, पण जिथे पाणी येतं आणि जातं, तिथेच लोखंड सगळ्यात जास्त खंगतं.

"गंजलं की लोखंड फुगतं. जागा मागतं," ते सांगत होते. "काँक्रीट काही सरकत नाही. मग तडा जातो. लोकांना दिसतो तो तडा. आतलं भांडण कितीतरी आधी लागलेलं असतं, बाहेर सगळं—"

आणि इथे आपण कुणासमोर काय बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. घाईघाईने त्यांनी तिच्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला. चहा तिच्या बोटांवर सांडला. तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

पुढच्या फेरीला तिने स्वतःहून विचारलं, "कधी निघायचं?"

तेव्हापासून हा नेम पडला. आई दोघांना निघताना बघून म्हणायची, "चालली वरात खांबांची नाडी बघायला. घरातल्या माणसाचं डोकं दुखतंय का ते विचारू नका कुणी."

"दुखतंय का?" बाबा विचारायचे.

"आता काय उपयोग. जा."

शेवटच्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यात शेवटी पायऱ्यांजवळची तुळई घेतली. बोटीतून उतरणारा प्रत्येक माणूस पहिलं पाऊल ठेवायचा ते या तुळईच्या डोक्यावर. बाबा तिला आजारी म्हणायचे. तिचा आकडा गेल्या काही फेऱ्यांत वाढतच चालला होता. त्यांनी आधी हातोडीने ठोकून पाहिलं. एका ठिकाणी आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा ठोकलं, कान लावला.

"किती असेल?" तिने विचारलं.

"चारशे दहा," ते म्हणाले. या वेळी कान हलले नाहीत.

मीटर चारशे आठवर थांबला.

"तुम्हाला कळतं कसं?"

"इतकी वर्षं झाली. कळतं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला उभं केलं. "हिच्यावर लक्ष ठेवायला हवं हं."

वर आल्यावर त्यांनी तिला बाकावर बसवून नेहमीसारखी किल्ली परत द्यायला ऑफिस गाठलं. ती पुस्तक काढून वाचत बसली. येताना त्यांनी बिस्किटांचा पुडा आणला. घरी आईने केसांच्या वासावरून नाक मुरडलं. रात्री जेवताना बाबा म्हणाले की मोरचूद संपत आलंय, आणायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहासाठी हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

नंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. ती सगळ्यांना पाणी देत होती, चपला सरळ करत होती, कुणाला कुठे झोपवायचं ते बघत होती. मुलगी खंबीर आहे हो, असं कुणी ना कुणी रोज म्हणायचं, आणि ती मान हलवायची. माणसं पांगली तेव्हा तिने प्रकाशकाकडून राहिलेली मुद्रितं मागवून घेतली आणि एका जाड पुस्तकातल्या चुका काढून दिल्या. प्रकाशकाचा फोन आला, इतकं स्वच्छ काम तुम्हीही आजवर केलं नव्हतंत.

कपाटाखालची मीटरची पेटी मात्र तशीच होती. आई झाडू फिरवताना तिला वळसा घालायची. एक दिवस तिने झाडू थांबवला.

"ही हलवू का इथून?"

"राहू दे. लागेल."

"कशाला लागेल?"

"फेरी आली आहे. ओहोटी बघितली मी. परवा दुपारी आहे."

आई पलंगाच्या कडेला बसली. झाडू मांडीवरच राहिला.

"तू एकटी उतरणार तिथे खाली?"

"शिडी आहे. पायवाट आहे. कठडा आहे."

"मी ते विचारत नाहीये." आईने झाडूचा एक हीर उपसून काढला आणि बोटाला गुंडाळला. "माणूस गेलं म्हणून त्याचं सगळं अंगावर घ्यायचं नसतं गं. त्यांचे स्वेटर तू घालतेस, ते ठीक आहे. पण हे आता तू करत राहणार आहेस का? जन्मभर?"

"ती पायऱ्यांजवळची तुळई वाईट आहे, आई. तिच्यावरून रोज माणसं जातात. कुणीतरी बघायला नको?"

"आणि ते कुणीतरी तूच."

"दुसरं आहे कोण?"

आई उठली आणि पेटीला वळसा घालून झाडू फिरवत राहिली. फेरीच्या दुपारी ती निघताना आईने थर्मास भरून दिला आणि वरातीबद्दल काही बोलली नाही.

गाडी चालवताना तिने स्वतःशी सगळं ठरवून टाकलं होतं. आज ऑफिसात सांगायचं की बाबांचं काम मी पुढे चालवते. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. मान अवघडेल, केसांना वास लागेल, आकडे लिहिताना जांभया येतील, हे सगळं धरूनच. पण ती खाली उतरली नाही तर ती जाळीची पायवाट, त्या खुणा, चहाची ती जागा, सगळं त्याच दिवशी थांबलेलं राहील. आणि उतरत राहिली तर निदान थांबलेलं तरी दिसणार नाही.

जेट्टीच्या ऑफिसात ती प्रथमच आत गेली. दर वेळी किल्ली आणायला बाबाच जायचे. चांगला चहाचा एक कप संपेल इतका वेळ लावायचे, आणि ती बाहेर गाडीतली पेटी उतरवून घ्यायची. आत एक टेबल, कपाट, भिंतीला टेकवून ठेवलेली लाइफ जॅकेटं, आणि खिडकीशी जेट्टीची इंजिनिअर. तिशी गाठलेली मुलगी, केस पेन्सिलने वर बांधलेले. ती उठून उभी राहिली.

"या ताई. बसा. मला यायचं होतं घरी. सरांना शेवटचं... पण बोटी लागल्या होत्या, निघता आलं नाही."

"असू दे. किल्ली हवी होती. फेरी करून घेते."

इंजिनिअरने किल्ली हुकवरून काढली, पण हातातच ठेवली.

"तुम्ही फोन केलात तेव्हाच सांगणार होते मी. मग वाटलं, फोनवर कसं सांगायचं."

"काय?"

तिने टेबलावरचा स्क्रीन वळवला. निळ्या पडद्यावर जेट्टीचं चित्र होतं, खांब आणि तुळया रेघांनी काढलेल्या, आणि ठिकठिकाणी आकडे. ती बघत असतानाच त्यातला एक बदलला. एकशे ऐंशीचा एकशे एक्याऐंशी झाला.

"सेन्सर आतमध्येच बसवलेत. मागे दुरुस्ती झाली होती ना, तेव्हा. सळईला लागूनच. दिवसरात्र चालू असतात, आकडे आपोआप इथे येतात."

"मागे म्हणजे?"

"मी इथे लागले त्याच्याही आधीचं आहे, ताई. सरांनीच बसवून घेतलेत सगळे. जागा त्यांनीच ठरवल्या."

तिने पायऱ्यांजवळची तुळई शोधली. तिथला आकडा लाल होता.

"हिचं काम मंजूर झालंय," इंजिनिअर म्हणाली. "पुढच्या महिन्यात पायऱ्या बंद करून वरून खाली सगळी नवी करणार. सर मागेच लागले होते त्यासाठी. साहेबांनी सही केली त्या दिवशी पेढ्यांऐवजी बिस्किटं घेऊन गेले इथून. म्हणाले, घरी सांगायचं नाहीये, पण तोंड तर गोड करतो."

"मग आम्ही खाली काय करत होतो?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. स्वल्पविराम इथे हवा का, असं विचारावं तसा होता.

इंजिनिअरने किल्ली टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, सर, गुडघे दुखतात तुमचे, ती शिडी कशाला उतरता? इथे खुर्चीत बसून बघा सगळं. तर म्हणाले, मुलगी येते माझ्याबरोबर. तिला भारी आवडतं हे काम. मी थांबवलं तर हिरमुसेल."

"हिरमुसेल म्हणाले?"

"हो. आणि ती कधी आत आली तर हा स्क्रीन तिकडे वळवून ठेव, असं पण."

बाहेर एक बोट लागत होती. दोर फेकल्याचा आवाज आला, कुणीतरी ओढ ओढ म्हणून ओरडलं. ती स्क्रीनवरचे आकडे एकेक करून वाचत होती. जाळीच्या पायवाटेवर ज्या क्रमाने ती दोघं पुढे सरकत, त्याच क्रमाने.

"खाली जाण्याआधी ते हे बघायचे?"

"दर वेळी. पाठ करून जायचे. मी चिडवायचे, सर, तोंडी परीक्षा आहे का? तर म्हणायचे, आहे. परीक्षक कडक आहे."

ती हसली. हसू अगदी पोटातून आलं, तोंडावर हात ठेवावा लागला. इंजिनिअरला आपणही हसावं की नाही ते कळेना, म्हणून ती किल्लीचा जुडगा नीट करत राहिली. हसू ओसरलं तरी तिने हात तोंडावरून लगेच काढला नाही.

"पाणी देऊ का, ताई?"

"नको." तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"आता गरज नाहीये खरं तर."

"माहीत आहे."

"मी येऊ का बरोबर? कुणीतरी लिहायला?"

"नको. लिहायचं नाहीये काही."

शिडी उतरताना पेटी तिने वरच ठेवली. पायवाट ओली होती. ती पहिल्या तुळईशी गेली, मग दुसऱ्या. खुणा जागच्या जागी होत्या, बाबांच्या हातच्या, पांढऱ्या रंगातल्या फुल्या. जिथे चहा प्यायला बसायचे तिथे ती बसली. पाय खाली सोडले. भरतीला अजून अवकाश होता. खांबांवर पाणी जिथवर येतं तिथवर गडद पट्टा होता आणि त्याखाली शिंपले उन्हात पांढरे पडले होते. वर माणसं बोटीत चढत होती. पावलांचा आवाज पायऱ्यांकडून येत, डोक्यावरून जात, पलीकडे विरून जात होता.

तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घरात कुणाला असं काही म्हणायची पद्धत नव्हती. वाक्य कुठून सुरू करतात तेही तिला येत नव्हतं, आणि वाक्यं दुरुस्त करण्यात तिची निम्मी हयात गेली होती.

तेवढ्यात बोटीचं इंजिन सुरू झालं. जेट्टीच्या पोटात ते घुमायला लागलं, खांबाखांबावर आपटून परत यायला लागलं. आता हळू बोलून भागणार नव्हतं. तिने आवाज लावला, दोन तुळयांच्या अंतरावरून त्यांना आकडा सांगताना लावायची तसा.

"बाबा, मला हे काम कधीच आवडलं नाही."

इंजिनचा आवाज वाढला. ती थांबली नाही.

"मला तुम्ही आवडायचात."